६६ची मस्टँग : दुसऱ्याने अर्धी सोडलेली गाडी

१२ मार्च २०२३
कॅलिफोर्नियात फ्रेस्नोजवळच्या एका माणसाने फोर्डची १९६६ची मस्टँग विकायला काढली आहे. दोन दारांची हार्डटॉप (पक्क्या छपराची), २८९ घनइंची व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. आठ वर्षांपूर्वी त्याने ती खोलली, पत्र्याचं काम केलं, प्रायमर मारला आणि थांबला. 'नव्वद टक्के काम झालंय, फक्त जुळवायची आहे,' असं तो म्हणतो. बावीस फोटो पाठवलेत. किंमत ११,५०० अमेरिकन डॉलर. इथे मेलबर्नमध्ये चालू स्थितीतली अशी गाडी माझ्या आवाक्याबाहेर आहे.

ही वही आजपासून सुरू करतो आहे. माझे आजोबा, आबा, कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फिटर होते. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली ती कंपनी तेव्हा अमेरिकन डॉज, प्लीमथ आणि डिसोटो जुळवत असे. आबांचे इंची पाने माझ्याकडे आहेत: ७/१६, १/२, ९/१६. इतकी वर्षं ते कापडात गुंडाळून ठेवले होते.

१९ मार्च २०२३
व्हिडिओवर गाडी पाहिली. तो फोन हातात धरून भरभर फिरत होता. डाव्या बाजूचा पत्रा सरळ दिसला. खाली वाकून दाखवायला सांगितलं तर म्हणाला, जॅक नाही. खोकी दाखवली: चौदा, सगळी बंद. 'सगळं आहे आत,' असं तीनदा म्हणाला.

तिथल्या एखाद्या जाणकाराला पैसे देऊन गाडी तपासून घेता येते. साधारण तीनशे डॉलर सांगितले. मी नको म्हटलं.

२ एप्रिल २०२३
१,००० डॉलर विसार दिला. त्यानंतर त्याने मालकीच्या कागदाचा, म्हणजे तिथल्या टायटलचा, फोटो पाठवला. त्यावर त्याचं नावच नाही! आधीच्या मालकाने मागे सही करून दिलेला कागद त्याने आठ वर्षं तसाच ठेवला होता, स्वतःच्या नावावर केलाच नव्हता. गाडी अमेरिकेबाहेर न्यायची तर मूळ टायटल आणि गाडी दोन्ही बंदरावर, जहाज सुटण्याच्या किमान ७२ तास आधी, तिथल्या कस्टम्सपुढे ठेवावी लागते. विकणारा एक आणि कागदावर दुसरा असेल तर गाडी तिथेच अडकते. अर्धवट प्रकल्पांचं असं बरेचदा होतं. गाडी रस्त्यावर यायचीच नसते, मग नावावर करायचे पैसे कशाला भरा, असा विचार करून कागद ड्रॉवरमध्ये पडून राहतो. इथून पुढे मी कोणालाही पहिला प्रश्न हाच विचारायला सांगेन: टायटल कोणाच्या नावावर आहे? इंजिनाचं नंतर विचारा.

२२ एप्रिल २०२३
आज मोठी गोष्ट कळली. ती माझ्या हातातल्या कागदावर तीन आठवडे होती.

ऑस्ट्रेलियात २५ वर्षांहून जुनी गाडी आणायची तर आधी केंद्र सरकारची आयात परवानगी लागते, आणि ती गाडी जहाजावर चढण्यापूर्वी हातात हवी. तो अर्ज भरायला टायटलवरचा क्रमांक उतरवून घेत होतो. त्या काळच्या मस्टँगचा क्रमांक वाचता येतो. पहिला ६ म्हणजे १९६६. मग कारखाना: आर म्हणजे सॅन होजे, एफ म्हणजे डिअरबॉर्न, टी म्हणजे मेटचेन. मग ०७ म्हणजे हार्डटॉप. पाचवं अक्षर इंजिनाचं. सी असेल तर दोन-बॅरल कार्ब्युरेटरची २८९ व्ही-८, २०० अश्वशक्तीची. टायटलवर टी आहे. टी म्हणजे २०० घनइंची, सरळ सहा सिलिंडर, १२० अश्वशक्ती.

त्याने आधी पाठवलेला क्रमांकाचा फोटो दारावरच्या पाटीचा होता. तिच्यावर सी आहे आणि पुढचे आकडेही वेगळे आहेत. म्हणजे दार दुसऱ्या गाडीचं. खरा क्रमांक बोनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या बाजूला आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो. त्याचा फोटो मागितला. तो टायटलशी जुळला, म्हणजे कागद याच गाडीचा आहे. पण ही जन्माची व्ही-८ नव्हे.

मग पहिले बावीस फोटो पुन्हा काढले. चाकांना चार बोल्ट आहेत. व्ही-८ मस्टँगला पाच असतात. सहा सिलिंडरच्या गाडीला चार बोल्ट, ब्रेकचे लहान ड्रम, हलका मागचा ॲक्सल. त्याने (किंवा त्याच्या आधीच्या कोणी) हलक्या गाडीत जड इंजिन ठेवलं आणि ब्रेक, ॲक्सल तसेच राहू दिले. फोटोत हे पहिल्या दिवसापासून दिसत होतं. मी रंग पाहत होतो.

विसार सोडून द्यायचा की भाव पाडायचा, यावर घरी दोन संध्याकाळी बोललो. शेवटी ८,८०० अमेरिकन डॉलरवर ठरलं. १९६६ साली सहा लाखांहून जास्त मस्टँग बनल्या, तेव्हा दुसरी मिळालीच असती. ती शोधायला हवी होती असं आज वाटतं. पण त्या दिवशी ही गाडी मनाने माझी झालेली होती.

१८ जून २०२३
टायटल स्वच्छ झालं. आधीचा मालक वारला होता. त्याच्या मुलाला शोधून, वारसाचा कागद करून, सह्या घेऊन आठ आठवडे गेले. आयात परवानगीही आली. या आठ आठवड्यांची किंमत पुढे मोजावी लागणार आहे, हे तेव्हा कळलं नव्हतं.

६ ऑगस्ट २०२३
ॲस्बेस्टॉस. परदेशातून ऑस्ट्रेलियात जुनी गाडी आणणाऱ्याने हा एक शब्द भिंतीवर लिहून ठेवावा.

इथे ३१ डिसेंबर २००३ पासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे, आयातीवरसुद्धा. किती टक्के, कुठल्या भागात, अशी सवलत नाही. साठच्या दशकातल्या अमेरिकन गाडीत ते ब्रेकच्या लायनिंगमध्ये असू शकतं, क्लच प्लेटमध्ये, एक्झॉस्टच्या गास्केटमध्ये (दोन भागांच्या सांध्यात बसते ती पातळ चकती), कधी पत्र्याच्या सांध्यांतल्या सीलरमध्येही. सीमेवरचे अधिकारी शंका आली की गाडी थांबवतात, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुने पाठवायला लावतात, आणि सगळा खर्च आणणाऱ्याचा.

चालू गाडीत संशयाच्या जागा मोजता येतात. माझ्याकडे चौदा बंद खोकी आहेत. विकणाऱ्याला यादी करायला सांगितलं तर त्याने लिहून पाठवलं: 'ब्रेकचं सामान, गास्केट, किरकोळ.' जुनी गास्केटं त्याने नमुन्यासाठी जपून ठेवली होती. नवं कापताना आकार कळावा म्हणून असं ठेवतात, चांगला कारागीर ठेवतोच. नेमकी तीच माझी अडचण झाली. तिकडे ॲस्बेस्टॉसचे भाग अजून विकत मिळू शकतात, त्यामुळे पाकीटबंद नवे ब्रेक शूही निर्धास्तपणे धरता येत नाहीत.

कॅलिफोर्नियातल्याच ओकलंडच्या एका वर्कशॉपमध्ये गाडी हलवली. तिथे खोकी उघडून शू, क्लच, सगळी गास्केटं काढून टाकायला सांगितली आणि सीलरचे नमुने तपासायला दिले. नमुने स्वच्छ निघाले. खर्च इथल्या पैशात २,६००. ब्रेक नसलेली गाडी आता दोरखंडाने ओढत कंटेनरमध्ये चढवणार.

२४ सप्टेंबर २०२३
कंटेनर निघाला. माझी गाडी आणि इतर दोघांच्या दोन.

१ सप्टेंबर ते ३० एप्रिल या काळात अमेरिकेतून निघालेल्या वाहनांवर कीड मारण्याची प्रक्रिया सक्तीची आहे. ब्राउन मार्मोरेटेड स्टिंक बग नावाचा, ढेकणासारखा वास सोडणारा किडा थंडीत आसऱ्यासाठी गाड्यांच्या फटींत शिरतो. तो इथल्या फळबागांत आला तर मोठं नुकसान. नियम मला पटतो. पण टायटल वेळेवर असतं तर गाडी जुलैत निघाली असती आणि हे १,१५० डॉलर वाचले असते.

११ नोव्हेंबर २०२३
मेलबर्न बंदर. जैवसुरक्षा तपासणीत हीटरच्या डब्यात उंदराचं घरटं सापडलं: गवत, बिया, कापूस. आठ वर्षं शेडमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीत ते असणारच, आणि मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. पुन्हा धुऊन, पुन्हा तपासून घ्यावी लागली.

२ डिसेंबर २०२३
गाडी घरी. एकही नट फिरवण्याआधीचा हिशेब, ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये:

गाडी १३,३००. जहाजभाडं आणि विमा ५,२००. तीस वर्षांवरच्या गाडीला सीमाशुल्क नाही, पण १० टक्के जीएसटी आहे, आणि तो गाडीच्या किमतीवर अधिक भाड्यावर अधिक विम्यावर लागतो: १,८५०. ॲस्बेस्टॉस २,६००. किडे १,१५०. उंदराचं घरटं ४८०. कस्टम्सचा दलाल ६९०. बंदरातून घरापर्यंत ४००.

एकूण २५,६७०.

९ डिसेंबर २०२३
खोकी उघडायला तीन दिवस लागले. लेक मदतीला होती, नऊ वर्षांची. गॅरेजच्या फरशीवर चादरी अंथरल्या. एक चादर पुढच्या भागाची, एक दारांची, एक डिकीची, एक 'माहीत नाही'ची. संध्याकाळपर्यंत 'माहीत नाही'ची चादर सगळ्यांत मोठी झाली.

काचा वरखाली करणाऱ्या यंत्रणा दोन निघाल्या. लेकीने दोन्ही शेजारी ठेवल्या, उलटसुलट केल्या आणि म्हणाली, "बाबा, या दोन्ही डाव्याच आहेत." बरोबर होतं तिचं. बोनेटच्या बिजागऱ्या तीन. दारांची कुलपं एकही नाही. डॅशबोर्डची चौकट नाही. वायपरची मोटर आहे, तिचे दांडे नाहीत. वायरिंगचा जुडगा कापलेला, आणि कुठली तार कुठे गेली होती याची एकही चिठ्ठी नाही.

नट-बोल्टची एक बादली. वीस किलो तरी भरेल. तीत इंची आणि मेट्रिक एकत्र. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे ८ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट, एम-८, तिथे बसेलसा वाटतो. दोन आटे जातो, मग अडकतो, आणि कोणी जोर लावला तर भोकातले आटे जातात. पुढच्या सबफ्रेमवर अशी तीन भोकं गेलेली सापडली.

आबा काही खोलायला बसले की शेजारी डालड्याचे रिकामे डबे मांडायचे. एका भागाचे नट-बोल्ट एका डब्यात, प्रत्येक डब्यात पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर पेन्सिलीने खूण. लहानपणी मला वाटायचं हे म्हातारपणाचं विसरणं आहे. आज त्या बादलीत हात घातल्यावर कळलं ते काय करत होते. गाडी सुटी झाली की ती परत कशी जुळते हे ज्याने सुटी केली त्याच्याच डोक्यात राहतं. तो पुठ्ठ्यावर लिहून ठेवेल तेवढंच पुढच्या माणसाला मिळतं. मी पत्रा, इंजिन आणि चौदा खोकी विकत घेतली. ती आठवण फ्रेस्नोतच राहिली, आणि तिथेही आठ वर्षांत पुसली गेली असणार.

कुजकी पण अखंड गाडी याच पैशात घेतली असती तर निदान काय नाही हे पहिल्या दिवशी दिसलं असतं.

१४ जानेवारी २०२४
पत्रा. इथे जवळच सत्तरीचे एक गृहस्थ आहेत, आयुष्यभर पत्र्याचंच काम केलेले. चहाला बोलावलं. त्यांनी खिशातून फ्रिजवर लावतात तसलं चुंबक काढलं, रुमालात गुंडाळलं आणि मागच्या पत्र्यावरून फिरवत गेले. चाकावरच्या कमानीपाशी ते सुटून खाली पडलं. खरवडल्यावर सहा मिलिमीटर जाडीची लांबी, म्हणजे पुट्टी, निघाली. खाली मूळ पत्रा कापलेला, नवा तुकडा नुसता टेकवून चार ठिकाणी टाचलेला आणि वरून लांबी भरून घासलेली. व्हिडिओत डावी बाजू सरळ दिसत होती ती यामुळे.

मग त्यांनी बादलीभर पाणी मागितलं. पुढच्या काचेखाली जाळी असते, तिच्यातून हवा आत येते. तिच्याखाली बंद डबा असतो, काउल म्हणतात त्याला. १९६५ ते ६८च्या मस्टँगचं हे ठरलेलं दुखणं: डब्यात पानं साचतात, ओल राहते, हवेच्या भोकांच्या कडा कुजतात आणि पाऊस थेट पायाशी येतो. त्यांनी पाणी ओतलं. दहा सेकंदांत उजव्या बाजूच्या तळावर धार लागली. डॅशखाली हात घालून पाहिलं तर कोणीतरी सिलिकॉन थापलं होतं.

कॅलिफोर्निया कोरडी आहे, तिथली गाडी गंजत नाही, असं सगळे सांगतात आणि मीही धरून चाललो. बाहेरून खरंच गंज नाही. पण गाडी झाडाखाली उभी असली तर कुजायला पानंच पुरेशी आहेत. ही पाण्याची चाचणी एका बादलीचं काम आहे, आणि फोनवर कोणाकडूनही करून घेता येते.

२५ फेब्रुवारी २०२४
काउलचे स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्र्यांचे ठिपक्यांसारखे जोड, ड्रिलने काढतोय. वरचा पत्रा आख्खा सुटा करावा लागतो, मगच आतली भोकं दिसतात. आज ४१ झाले. हे काम मला आवडतं. प्रत्येक वेल्डवर आधी मध्यबिंदू ठोकायचा, मग बारीक भोक, मग मोठं, आणि खालच्या पत्र्याला धक्का न लावता थांबायचं. घाई केली तर ड्रिल आरपार जातं. आज एकदाच गेलं.

२४ मार्च २०२४
इंजिन. स्टार्टरजवळ ब्लॉकवर ओतीव क्रमांक असतो, ग्रीस खरवडून वाचला. फोर्डच्या पद्धतीत पहिलं अक्षर दशक आणि पुढचा आकडा वर्ष: सी६ म्हणजे १९६६. इथे डी८ निघालं. म्हणजे १९७८च्या सुमाराची ३०२ घनइंची व्ही-८. २८९ नव्हेच.

याहून गंभीर गोष्ट मशीन शॉपमधल्या माणसाने दाखवली. या कुळीच्या इंजिनांचा तोल क्रँकच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या टोकावरच्या डॅम्पर नावाच्या चाकावर आणि मागच्या टोकावरच्या फ्लेक्सप्लेट नावाच्या तबकडीवर वजन ठेवून साधलेला असतो. २८९ आणि जुन्या ३०२ला २८ औंसांचा, ऐंशीच्या दशकातल्या ३०२ला ५० औंसांचा. माझ्या इंजिनाला पुढे २८चा डॅम्पर आहे आणि मागे ५०ची फ्लेक्सप्लेट. दोन्ही बोल्टने नीट बसतात, बाहेरून काहीच चुकलेलं दिसत नाही. सुरू केलं असतं तर ते इतकं थरथरलं असतं की बेअरिंगं गेली असती, कदाचित क्रँकही. विकणारा म्हणाला होता, 'इंजिन तयार आहे, फक्त बॅटरी लाव.' तो खोटं बोलला असं मला वाटत नाही. त्यालाही हे कोणीतरी असंच दिलं असावं.

अमेरिकेत याच महिन्यात क्रिसोटाइल ॲस्बेस्टॉसवर बंदीचा नियम आला. तिकडून नवे ब्रेक मागवणाऱ्यांची धास्ती हळूहळू कमी होईल.

१९ मे २०२४
ठरलं. व्ही-८ ठेवायची तर पाच बोल्टची चाकं, मोठे ब्रेक, जड ॲक्सल, पुढच्या स्प्रिंगा, शिवाय बदलांसाठी व्हिक्टोरियातल्या मान्यताप्राप्त अभियंत्याचा दाखला. त्यापेक्षा गाडीला तिचं पाचवं अक्षर, टी, म्हणजे सरळ सहा सिलिंडरचं इंजिन, परत द्यायचं. ब्रेक, ॲक्सल, चाकं सहा सिलिंडरचीच आहेत.

आणि ते इंजिन इथे मिळतं! मस्टँग मुळात फोर्डच्याच अमेरिकन फाल्कन गाडीच्या सांगाड्यावर उभी राहिली. तोच फाल्कन फोर्डने १९६० पासून ऑस्ट्रेलियात बनवला, आणि त्याची सरळ सहा सिलिंडरची इंजिनं इथून तासाभरावर जिलाँगला बनत. अमेरिकेहून जहाजाने आणलेल्या गाडीसाठी इंजिन शेजारच्या गावात आहे.

७ जुलै २०२४
जिलाँगजवळच्या एका शेतावरून २०० घनइंची इंजिन आणलं, ४५० डॉलरला. या वेळी आधी कागद मागितला, मग ओतीव क्रमांक वाचला, मग स्पार्क प्लग काढून क्रँक हाताने फिरवून पाहिला. मोकळा फिरतो. खोलण्याआधी सगळ्या बाजूंनी ऐंशी फोटो काढले.

काउल वेल्ड होऊन बंद झाला. दोन बादल्या पाणी ओतलं, तळ कोरडा.

लेकीने कॉफीचे रिकामे डबे जमवले आहेत, एकोणीस झाले. पुठ्ठ्यावर तीच लिहिते, मराठीत: 'पाण्याचा पंप, वरचे तीन, एक लांब.'

राहिलेलं: सहा सिलिंडरचे इंजिन माउंट (खोक्यांत नाहीत), उजव्या काचेची यंत्रणा, दारांची कुलपं, सबफ्रेमवरचे तीन आटे. माउंटसाठी मंगळवारी एकाला फोन करायचा आहे.